शिरवाळ्यांना माणसं दोन लागतात

एकदा एक सासरा स्वयंपाक शिकायला निघाला. वाचकांत जे कुणी सासरे असतील त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं, माझी हरकत नाही. शिष्याचं वय सहासष्ट, गुरुमाउलीचं अठ्ठ्याहत्तर, आणि शिकायचा पदार्थ असा की त्याचं नावसुद्धा त्या पंचक्रोशीत गुरुमाउलीशिवाय कुणी ऐकलेलं नव्हतं.

या गृहस्थांना गाव आबा पारकर म्हणून ओळखतं. दक्षिण कोकणात खाडीच्या काठाला त्यांचं घर. उभं आयुष्य त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. मलाया द्वीपकल्प त्यांनी छडीच्या टोकाने शेकडो मुलांना नकाशावर दाखवलं होतं, पण तिथली एक मुलगी आपल्याच माजघरात चहा पीत बसेल हे काही त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतं. पत्नी चार वर्षांपूर्वी गेली. एकुलता एक मुलगा तेजस मालवाहू जहाजावर नोकरीला, आणि मलेशियातल्या पिनांग बंदरातली सू लिन ही त्याची बायको.

आठ महिन्यांपूर्वी तेजस लांबच्या सफरीवर गेला. तेव्हा सू लिन म्हणाली, "आबा तिथे एकटे आहेत, मी त्यांच्या सोबतीला राहते." कुणी सांगितलं नव्हतं, कुणी सुचवलंही नव्हतं. दोन बॅगा घेऊन ती आपण होऊन आली. तिचं मराठी तोडकंमोडकं, आबांचं इंग्रजी शाळेच्या फळ्यावरचं, पण माया असली की भाषेवाचून फारसं अडत नाही, असं आबांना वाटायचं.

मायेचं म्हणाल तर आबांकडे ती पोत्याने होती. सकाळी सू लिन उठायच्या आत चहा तयार. अंघोळीचं पाणी तापलेलं. आंबा कापून, साल काढून, बशीत. तिने केरसुणीला हात लावला की आबा धावत येत. "तू बस गं, तू बस." तिने भांडं उचललं की, "राहू दे, मी आहे ना." विहिरीकडे निघाली की, "पाय घसरेल." बिचारी ओटीवरच्या झोपाळ्यावर बसे आणि खाडी बघे. शेजारणी म्हणत, "नशीब काढलंन हो पोरीने, राणीसारखी ठेवलीय." आबा हे ऐकून मनातल्या मनात सुखावत. आपण मराठी माणसं आतिथ्यात मोठी पटाईत. समोरच्याचं पोट भरलं की मन भरलंच, अशी आपली पक्की समजूत.

पण राणी वाळत चालली होती. सहाव्या महिन्यात ताटात भात उरायला लागला. सातव्यात तिचं हसू कमी झालं. आठव्या महिन्यात एके दिवशी तिने आबांना मोबाईलवर विमानाचं तिकीट दाखवलं. "आबा, मी आईकडे जाते. पुढच्या महिन्यात." आबांनी चष्मा लावून तिकीट वाचलं. भूगोलाचा मास्तर, जाण्याची तारीख, वेळ, विमानतळ, सगळं नीट वाचलं. येण्याची तारीख मात्र कुठेच नव्हती. तिकीट एकाच बाजूचं होतं.

"का?" हा प्रश्न त्यांच्या ओठांपर्यंत आला आणि परत गेला. त्यांनी विचारलं ते भलतंच. "तिथे गेल्यावर पहिलं काय खाशील?"

तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. "लाक्सा!" ती म्हणाली, आणि फोटो दाखवला. नारळाच्या दुधातला तांबडाभडक, तिखट कोळंबीचा रस्सा, त्यात तांदळाच्या पांढऱ्या शेवया, वर अर्धं उकडलेलं अंडं आणि लिंबाची फोड.

आबांनी त्या दिवशी मनाशी ठरवलं. हा पदार्थ या घरात झालाच पाहिजे. तो खाऊन पोरीला वाटलं पाहिजे की आपलं इथे काही कमी नाही. मग कदाचित ती परत येईल.

खाडीपलीकडच्या वाडीत मथुराक्का राहत. त्यांचे यजमान पिनांगच्या गोदीत कामाला होते आणि मथुराक्कांनी तिथे बावीस वर्षं संसार केला होता. आबा तरीत बसून, तर म्हणजे खाडी ओलांडणारी होडी, त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि सगळं सांगितलं. मथुराक्का नारळ खवत होत्या. खवणं काही थांबलं नाही.

"तू सुनेक घालूक शिकतंस, काय सोताक खावक?"

"तिका घालूक. ती जातली, आक्का. परत येतली काय नाय, माका ठावक नाय." एवढं बोलताना आबांचा आवाज कापला, हे मथुराक्कांनी ऐकलं.

"बरा. उद्या ये. सुंगटां घेवन ये. आणि मास्तरपणा घराकडेच ठेवन ये."

सुंगटं म्हणजे कोळंबी, हे घाटावरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. आबा दुसऱ्या दिवशी कोळंबी घेऊन हजर झाले, आणि आक्कांनी यादीत लिहून दिलेला गवती चहासुद्धा. त्यांनी तो आपल्या सवयीप्रमाणे पाती पाती कापून, बुंधे परसात फेकून आणला होता.

"आबा, चाय नाय करूची हा आपणाक. माका बुंधो होयो!"

पहिला दिवस बुंध्यांपायी वाया गेला. पुढच्या खेपेला वाटण झालं. भिजवलेल्या सुक्या मिरच्या, लहान कांदे, लसूण, ओली हळद, काजू, सुक्या कोळंबीचे भाजलेले सोडे, गवती चहाचे बुंधे आणि वैद्याच्या दुकानातून आणलेलं कुळिंजनाचं मूळ. सगळं पाट्यावर. मिक्सर चालेल का, असं आबांनी विचारून पाहिलं, आणि मथुराक्कांनी ऐकू न आल्यासारखं केलं. वाटण मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतायचं होतं, ते आबांनी घाईने करपवलं. तिसऱ्या खेपेला करपलं नाही, तर नारळाचं दूध फाटलं.

चौथ्या खेपेला जे झालं त्यावर वाडी आठ दिवस हसत होती. रस्सा सुरेख उतरला. शेवयांच्या ऐवजी शिरवाळे करायचे असं मथुराक्कांनीच सांगितलं होतं, कारण कोकणात तांदळाच्या ताज्या शेवया म्हणजे शिरवाळेच. आता शिरवाळे पुढ्यात आले आणि शेजारी नारळाचं दूध दिसलं की कोकणी माणसाचा हात एकाच गोष्टीकडे जातो, कारण आपल्याकडे ते गोड रसातच खातात. आबांनी बोलता बोलता दुधात गूळ किसला, वर वेलचीपूड टाकली, आणि सगळं कोळंबीच्या रश्श्यात ओतलं.

मथुराक्कांनी चव घेतली. "सुंगटांका गोड कित्याक घातलंस? त्यांचो वाढदिवस हा?"

अशी तीन आठवडे साधना चालली. सू लिनला आबा सांगत, "बँकेत जाऊन येतो." बँकेतून येणाऱ्या माणसाच्या सदऱ्याला सोड्यांचा वास कसा येतो, हे तिने कधी विचारलं नाही. अखेर एका दुपारी मथुराक्कांनी चमचा चाटला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आता रस्सो जमलो." आबांना कुठल्याही परीक्षेत एवढा आनंद झाला नसेल. तिकिटाच्या तारखेला तेव्हा अकरा दिवस उरले होते. रविवारी आबांच्या घरी बेत ठरला. मथुराक्का मदतीला येणार होत्या, कारण शिरवाळ्यांना माणसं दोन लागतात. तांदळाच्या उकडीचे उंडे उकळत्या पाण्यात शिजवायचे, आणि पाण्यातून काढल्या काढल्या, हाताला चटका बसत असतानाच, लाकडी साच्यात घालून दाबायचे. एकाने सगळं वजन टाकून दांडा दाबायचा, दुसऱ्याने खाली केळीचं पान फिरवत शिरवाळे झेलायचे. उंडा निवला की संपलं. मग तुकडे पडतात.

रविवारी मथुराक्का आल्या. ओटीवर सू लिन झोपाळ्यावर बसलेली. मथुराक्कांनी तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या माहेरच्या बोलीत विचारलं, जेवलीस का? पिनांगच्या गल्लीत माणसं भेटली की हेच विचारतात, आपल्याकडे विचारतात तसं. सू लिन ताडकन उठली. तिचे डोळे भरून आले. दोघी भराभर काही बोलल्या, आणि सू लिन त्यांचा हात धरून मागल्या दाराकडे निघाली.

"नाही नाही नाही," आबा आडवे आले. "तू बस. आज तुला काहीच करायचं नाही. मी करणार आहे सगळं. तू फक्त बस."

सू लिन थांबली. मथुराक्कांचा हात सोडून पुन्हा झोपाळ्यावर जाऊन बसली. मथुराक्कांनी हे पाहिलं आणि त्या मागल्या दारी गेल्या.

परसातल्या चुलीवर रस्सा झाला. काय रंग आला होता! कोळंबी सोलून, धुऊन, शेवटच्या उकळीसाठी बाजूला ठेवली होती. दुसऱ्या चुलीवर बारा उंडे पाण्यात तरंगायला लागले. आबांनी पहिला उंडा झाऱ्याने काढला, साच्यात घातला, दांडा धरला आणि म्हणाले, "आक्का, पान धर."

मथुराक्कांनी हात पदराला पुसले. चपला पायात घातल्या.

"माझी खाडीवरची तर चुकतली. चल्लंय मी."

आबांना वाटलं, चेष्टा आहे. "आक्का! तरी सांजपर्यंत चलतत! ह्या आता कोण धरतला?"

"बघ, कोण गावता ता," असं म्हणून मथुराक्का परसाच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, बाहेर पडल्या. वय अठ्ठ्याहत्तर, पण त्या दिवशी काय चालल्या म्हणता!

आबांचा संताप अनावर झाला. तीन आठवडे जिने शिकवलं तिनेच ऐन वेळी दगा द्यावा? पण संतापायलाही सवड नव्हती, उंडा निवत होता. त्यांनी एका हाताने दांडा दाबला, दुसऱ्या हाताने पान धरलं. दांडा अर्ध्यावर अडकला, पान निसटलं आणि शिरवाळे मातीत पडले. दुसरा उंडा घातला, छातीने दांडा रेटला, पान पायाने सरकवायला गेले. शिरवाळ्यांचे तुकडे पडले. दहा उंडे पाण्यात उरले होते आणि आता विरघळायला लागले होते. नऊ दिवसांनी पोरगी जाणार. तिच्या पुढ्यात ठेवायला एवढं एकच होतं, तेही हातातून चाललं. आबांचे डोळे धुराने झोंबत होते, निदान त्यांनी स्वतःला तसं सांगितलं.

घरात माणूस होतं. वीस पावलांवर होतं. पण जिला आठ महिने चमचा उचलू दिला नाही तिला आता ऐन मेजवानीत कामाला लावायचं? पाहुण्याला? त्यांच्या जिवाची नुसती तगमग झाली. मग तिसरा उंडा साच्यात फुटला आणि आबा सगळं विसरून ओरडले.

"सू! सू लिन! धाव! अगं, हात दे मला!"

ती अनवाणी धावत आली. काय झालंय हे तिने एका नजरेत ओळखलं. खाली बसली, पान ओढून घेतलं आणि वर बघून म्हणाली, "दाबा!"

आबांनी दाबलं. शिरवाळे सरसरत उतरले, तिने पान गोल फिरवून ते वेटोळ्यात झेलले. "थांबा! आता! अजून! अहो आबा, जोरात!" आठ महिन्यांत या घरात तिचा आवाज एवढा चढला नव्हता. एक उंडा, दोन, पाच. तिच्या बोटांना चटके बसत होते आणि ती हसत होती. चांगली खळखळून हसत होती. नऊ उंडे संपले तेव्हा दोघंही घामाघूम झाली होती आणि आबांच्या मिशीला पीठ लागलं होतं.

मग तिने न विचारता डाव उचलला आणि रस्सा चाखला. कपाळाला आठी पडली. तीन आठवड्यांच्या साधनेनंतर ही आठी! तिने मीठ टाकलं, लिंबू पिळलं, कोळंबी सोडली आणि आबा ढवळायला पुढे झाले तर त्यांना हाताने मागे सारलं. "तुम्ही बसा."

आबा बसले. आपल्याच परसात, पाटावर, हात मांडीवर ठेवून. फार अवघड वाटलं त्यांना. बसून राहणं इतकं अवघड असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

तिने दोघांसाठी वाढलं. दोघांनी नाकडोळे पुसत खाल्लं, तिने दोनदा घेतलं. आबांनी भीत भीत विचारलं, "आईसारखा झाला?"

"नाही," ती सरळ म्हणाली. आबांचा चेहरा पडला. ती विचार करत राहिली. "आईचा पातळ असतो. पुढच्या वेळी नारळ कमी घालू."

पुढच्या वेळी. आबांचा घास हातातच राहिला. ते मान खाली घालून खात राहिले.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या तरीने मथुराक्कांकडे गेले. अर्धे भांडायला, अर्धे पाया पडायला.

"आक्का, तू कित्याक गेलंस?"

मथुराक्कांनी त्यांना बसायला पाट दिला. मग सावकाश सांगितलं.

"मी लगीन होवन पिनांगाक गेलंय तेव्हा एकोणीस वर्षांची. घोव दिवसभर गोदीत. भाषा येय नाय, माणूस वळखीचा नाय. घरमालकीण चिनी बाई. दुसऱ्याच दिवशी तिना माका हाक मारल्यान, मनगट दाखवल्यान, दुखता म्हणान खुणेन सांगल्यान, आणि वाटणाचो दगड माझ्याकडे सरकवल्यान. मी वाटूक बसलंय. मिरचेन हात जळले. पण त्या सांजेक त्या घरातल्या सगळ्यांनी माझ्या वाटपाचो रस्सो खाल्ल्यानी. तेव्हा माका वाटला, मी हय ऱ्हवतलंय. सहा म्हयन्यांनी कळला, तिचा मनगट कधी दुखतच नव्हता."

त्या थांबल्या.

"तू सुनेक मायेन ठेवलंस, ता माका दिसता. पण आबा, ती तुका सोबत करूक इली आणि तू तिका ओटयेर बसवन ठेवलंस. बसलेल्या माणसाक घर गावणा नाय. जंय आपल्यावाचून कोणाचा तरी अडता, ता आपला घर. आठ म्हयन्यात तुझा तिच्यावाचून एकदा तरी अडला?"

"माका वाटला, पोरीक तरास कित्याक..."

"तरास पावण्याक देवचो नसता. आपल्या माणसाक देवचो असता. थोडो. मी थय बसान पान धरलंय असतंय, तर तिना लाक्सा खाल्ल्यान असतो, 'छान' म्हटल्यान असता, आणि बॅग भरल्यान असती."

आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेल्या माणसाला शहाणपण पचायला जरा वेळ लागतो. मग आबा वाकून मथुराक्कांच्या पाया पडले आणि तरीकडे निघाले.

उरलेल्या आठ दिवसांत आबांच्या घरात बरंच काही अडायला लागलं. चष्मा सापडेनासा झाला. मिरच्या कुणीतरी उन्हात घालायला हव्या होत्या. विहिरीच्या रहाटाला दोघांचे हात लागू लागले. सू लिनने एक दिवस भात तळाला लावला आणि आबांनी तो तक्रार करून खाल्ला. तक्रार केल्यावर ती जितकी खूश झाली तितकी आंब्याच्या बशीने कधी झाली नव्हती.

निघायच्या दिवशी गाडी दाराशी आली. बॅग एकच होती. दुसरी तिने आतल्या खोलीतच ठेवली होती. तिने आबांच्या पायांना हात लावला, आणि गाडीत बसता बसता तिला काहीतरी आठवलं.

"आबा, लाक्साचं एक पान असतं. इथे मिळत नाही. माझ्या आईकडे झुडूप आहे. छोटी फांदी आणते, ओल्या फडक्यात. तिला पाणी खूप लागतं. विहिरीजवळ लावू या?"

"हो हो," आबा उत्साहाने म्हणाले, "तू काळजीच करू नकोस. तू येईपर्यंत मी तिथे वाफा खणून, खत घालून..."

आणि ते थांबले. ज्या माणसाने कालच शेजाऱ्याच्या कुंपणाचे चार खांब एकट्याने रोवून दिले होते त्याने कमरेवर हात ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"पण वाफा तुलाच खणावा लागेल गं. माझी कंबर धरलीय. मला काही ते जमायचं नाही."

सू लिनने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. कमरेकडे पाहिलं. मग गाडीच्या खिडकीतून बोट उगारून तिने सासऱ्यांना दम भरला.

"मी पुढच्या महिन्यात येते. तोपर्यंत कुदळीला हात लावायचा नाही, आबा."

आबांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. गाडी वळणाआड गेल्यावर ते विहिरीजवळ गेले, ऊन कुठून येतं ते पाहिलं, जागा पक्की केली आणि ती तशीच न खणता ठेवली.